धागा : तेरा-शून्य-पंचेचाळीस, काचेची पेटी आणि सल्लागार यंत्र

सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही कृषी सेवा केंद्रात ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ एवढे तीन आकडे उच्चारले, की दुकानदार आणखी काही विचारत नाही. पोटॅशियम नायट्रेटची पिशवी पुढ्यात येते. डाळिंबाला आणि द्राक्षाला ठिबकमधून सोडायचे हे विद्राव्य खत. त्याच्याच शेजारी ‘शून्य-बावन्न-चौतीस’ असते, म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. घरातील काचेच्या पेटीत मासे आणि जलवनस्पती वाढवणारे हौशी लोक पाण्यात जे खत घालतात, त्यातील दोन मुख्य क्षार नेमके हेच. फरक इतकाच, की तिथे ते परदेशी नावाच्या छोट्या बाटलीतून कैक पट किमतीला येतात.

अलीकडे या हौसेतील प्रश्न चॅटबॉटला विचारले जातात. शंभर लिटरची टाकी आहे, पाने पिवळी पडत आहेत, कोणते खत किती घालावे? यंत्र क्षणार्धात, घोटीव मराठीत, ग्रॅमसह उत्तर देते. त्या उत्तरामागे सुमारे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. खताचा सल्ला दुरून दिला की काय होते, याचाच तो इतिहास आहे, आणि त्यात सोलापूरचे नावही येते.

आरंभ जर्मनीत. वनस्पतीची वाढ सर्वांत तुटपुंज्या घटकावर अडून राहते, हा विचार कार्ल स्प्रेंगेल याने १८२०च्या दशकात मांडला. तो गाजवला मात्र युस्टुस फॉन लीबिग याने. १८४० साली आलेल्या त्याच्या कृषिरसायनावरील ग्रंथाने युरोपभर खळबळ उडवली. आखूड-लांब फळ्यांच्या पिंपाचे चित्र शाळेच्या पुस्तकात अनेकांनी पाहिलेले असते : सर्वांत आखूड फळीच्या उंचीपर्यंतच पाणी साठते. चित्र पुढच्या काळातले असले, तरी नियम लीबिगच्या नावावर जमा झाला आणि स्प्रेंगेल मागे पडला. इतिहासात असा अन्याय नवीन नाही.

याच लीबिगने १८४५मध्ये इंग्लंडात स्वतःचे ‘पेटंट खत’ बाजारात आणले आणि ते साफ फसले. क्षार पावसाने वाहून जाऊ नयेत म्हणून ते चुन्यासह वितळवून इतके अविद्राव्य केले होते, की मुळांनाही ते मिळेनात. शिवाय नत्र पिकाला हवेतून पुरेसे मिळते, अशी त्याची समजूत होती. तिकडे रॉथम्स्टेड येथे लॉज आणि गिल्बर्ट १८४३पासून प्रत्यक्ष शेतात वर्षानुवर्षे नोंदी घेत होते. त्या नोंदींनी ही समजूत खोटी ठरवली. त्या काळातील सर्वांत मोठ्या रसायनशास्त्रज्ञाचा सल्ला शेतात टिकला नाही, कारण तो शेतात तपासलेलाच नव्हता.

१८६०च्या सुमारास युलिउस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी वनस्पती मातीविना, नुसत्या क्षारयुक्त पाण्यात वाढवून दाखवल्या. क्नॉपच्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि किंचित लोह असे. आजच्या जलवनस्पतींच्या खताची यादी याहून फारशी वेगळी नाही. सूक्ष्म अन्नद्रव्ये तेवढी वाढली.

त्याच शतकाची एक खूण आजही प्रत्येक खताच्या पिशवीवर छापलेली असते. त्या काळी वनस्पती जाळून राखेचे पृथक्करण करीत आणि त्यातील मूलद्रव्ये ऑक्साइडच्या रूपात मोजत. ती रीत कायम राहिली. म्हणून पिशवीवरील ५२ हा आकडा फॉस्फेटचा नसून फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो, ४५ हा पोटॅशचा असतो आणि १३ हा नायट्रेटचा नसून निव्वळ नत्राचा असतो. हा तपशील पुढे कामी येणार आहे.

काचेच्या पेटीची कथा लंडनची. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८४९-५०मध्ये सुमारे बारा गॅलनच्या पात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही जलवनस्पती ठेवली. काही दिवसांत जुनी पाने कुजू लागली, पाणी हिरवट झाले. मग त्याने गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजका पाला फस्त केला आणि पाणी निवळले. मासे, वनस्पती आणि गोगलगाय यांचा हा समतोल त्याने १८५०मध्ये प्रसिद्ध केला. १८५३मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि पाहता पाहता घरोघरी काचपेट्यांचे वेड पसरले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उभे राहायला मात्र १९५१ उजाडावे लागले. वॉरिंग्टनच्या पेटीत खत वेगळे घालावे लागत नव्हते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. माशांची विष्ठा हेच खत होते, आणि अडचण खताच्या अभावाची नसून अतिरेकाची होती.

आता हिंदुस्थानाकडे वळू. १८८९च्या अखेरीस ब्रिटिश सरकारने जॉन ऑगस्टस व्हेल्कर या कृषिरसायनज्ञाला इथली शेती ‘सुधारण्याचा’ सल्ला देण्यासाठी पाठवले. अपेक्षा अशी, की हा गृहस्थ येईल आणि अडाणी रयतेला खत कसे घालावे ते शिकवील. व्हेल्कर वर्षभराहून अधिक काळ देशात फिरला. १८९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने अपेक्षेवर पाणी ओतले. इथला चांगला शेतकरी सरासरी इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा, किंबहुना काही बाबतींत सरस आहे, असे त्याने निःसंदिग्धपणे नोंदवले. शेणाचे मोल त्याला ठाऊक आहे. तो शेण जाळतो ते सरपण नाही म्हणून. सबब खताची उणीव भरून काढायची तर आधी जळणासाठी झाडे लावा, हा त्याचा सल्ला. प्रश्न खताचा आणि उत्तर सरपणाचे! असे उत्तर देण्यासाठी माणसाला जागेवर यावे लागते.

दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात हीच गोष्ट पुन्हा घडली. १९२३मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि १९३३मध्ये सोलापूर येथे त्यासाठी स्वतंत्र केंद्र उघडले. ना. वि. कानिटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पावसाचा, जमिनीतील ओलाव्याचा आणि रब्बी ज्वारीच्या उताऱ्याचा हिशेब ठेवला. निष्कर्ष थोडक्यात असा : इथल्या पिंपाची आखूड फळी खताची नाही, पाण्याची आहे. बांध घाला, ओळींत अंतर वाढवा, बियाणे कमी पेरा, वारंवार कोळपणी करून ओल धरून ठेवा. शेणखताला मोल येते ते त्यानंतर. रॉथम्स्टेडच्या ओलसर शेतातील आकडे सोलापूरच्या काळ्या मातीत जसेच्या तसे उतरवता येत नाहीत, हे या केंद्राने मोजून दाखवले.

काचपेटीतील वनस्पतींना पद्धतशीर खत देण्याची आधुनिक कला त्यामानाने अगदी अलीकडची. जपानच्या ताकाशी आमानो याने १९८२मध्ये आपली कंपनी स्थापली आणि पाण्याखालील बागेला निसर्गचित्राचे रूप दिले. १९९६मध्ये सीअर्स आणि कॉनलिन या हौशी जोडीने असे मांडले, की फॉस्फेट तुटपुंजे ठेवले तर शेवाळाची उपासमार होते आणि वनस्पती जिंकतात. म्हणजे पुन्हा लीबिगची आखूड फळी, फक्त यावेळी मुद्दाम कापलेली. पुढे अमेरिकेतील टॉम बार याने हा विचार उलटा केला : फॉस्फेटमुळे शेवाळ माजते असे नाही, सर्व अन्नद्रव्ये मुबलक घाला, पाणी तपासत बसू नका, आणि दर आठवड्याला अर्धे पाणी बदलून साचलेले जास्तीचे खत काढून टाका. ही पद्धत जगभर लोकप्रिय झाली. त्यामुळे चॅटबॉटच्या उत्तरात बहुधा तिचाच सूर उमटतो.

अर्धे पाणी दर आठवड्याला! शंभर लिटरच्या टाकीसाठी पन्नास लिटर. ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, जिथे पिंप, हंडे आणि गच्चीवरची टाकी यांचे वेळापत्रक घरातील स्त्रिया तोंडपाठ ठेवतात, तिथे हा सल्ला ऐकायला विचित्र वाटतो. सल्ला चूक नाही. तो नळ उघडताच पाणी येणाऱ्या गावासाठी लिहिलेला आहे.

सोलापूरच्या पाण्याचा इतिहास हा साठवणुकीचा इतिहास आहे. सिद्धरामेश्वरांच्या परंपरेशी जोडलेला तलाव शहराच्या मध्यात आहे. इंग्रजी अमदानीत आदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव १८७१मध्ये पूर्ण झाला. हिप्परगा तलाव तो हाच. पुढे १९८०मध्ये भीमेवर उजनी धरण पूर्ण झाले आणि शहराची तहान प्रामुख्याने त्या जलाशयावर अवलंबून राहिली.

उजनीच्या पाण्यात मात्र एक गोम आहे. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्या पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी घेऊन भीमेला मिळतात आणि सारे उजनीत येऊन थांबते. सांडपाणी म्हणजे नत्र आणि स्फुरद. उजनी ही एका अर्थाने अवाढव्य काचपेटी आहे आणि तिच्यात खत सतत पडत असते. उन्हाळ्यात पाणी हिरवे होते ते त्यामुळे. नदीत आणि शहरी तलावांत जलपर्णीचा गालिचा पसरतो तोही त्यामुळेच. ही जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्या जांभळ्या फुलांच्या मोहाने लोकांनी ती तळ्यांत शोभेसाठी लावली आणि ती हाताबाहेर गेली. बंगालमध्ये तर तिच्या निर्मूलनासाठी १९३६मध्ये कायदा करावा लागला. जलवनस्पतींच्या हौसेची ही एक जुनी, महागात पडलेली बाजू.

सोलापूरच्या पेटीत घालायच्या पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट आधीपासूनच किती आहे, हा पहिला प्रश्न ठरतो. बोअरचे पाणी असेल तर बेसाल्ट खडकातून आलेले, बहुधा जड आणि अल्कधर्मी. तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळे घालण्याची गरज क्वचितच पडते. नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी एकाच घरात, एकाच महिन्यात येऊ शकते. यंत्राला यातील काहीही सांगितल्याविना कळत नाही.

यंत्राचाही इतिहास आहेच. १९६६मध्ये जोसेफ वायझेनबाउम याने ‘एलायझा’ हा संवाद साधणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. त्याला काहीही कळत नव्हते, तरी लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले आणि खुद्द निर्माता अस्वस्थ झाला. १९८६मध्ये अमेरिकेत ‘कोमॅक्स’ नावाची प्रणाली पुढे आली. ती कापसाला नत्र आणि पाणी केव्हा, किती द्यावे ते सांगे; पण त्यासाठी त्या शेताची माती आणि त्या ठिकाणचे हवामान तिला पुरवावे लागे. गिरणगाव म्हणून वाढलेल्या सोलापूरला कापसाचा हा दाखला परका वाटू नये. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. २०२५मध्ये महाराष्ट्राच्या कृषी विभागाने शेतकऱ्यांना मराठीत उत्तरे देणारे ‘महाविस्तार’ ॲप आणले. कोमॅक्स माहितीविना बोलत नसे. आजचे चॅटबॉट माहिती मिळाली नाही तरी बोलतात, हा मोठा फरक. त्यांचे उत्तर घडते ते आजवर लिहिल्या गेलेल्या मजकुरातून, आणि काचपेटीविषयीचा बहुतांश मजकूर इंग्रजीत, दूरच्या पाण्याविषयी आहे.

आता तो राखून ठेवलेला तपशील. शंभर लिटर पाण्यात नायट्रेट दर लिटरला १० मिलिग्रॅमने वाढवायचे आहे असे समजा. ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’मधील १३ टक्के हे नत्र आहे, त्याचे नायट्रेट करायला सुमारे ४.४ने गुणावे लागते, म्हणजे सुमारे ५८ टक्के. हिशेब येतो पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. कोणी, माणसाने वा यंत्राने, १३ हाच नायट्रेटचा आकडा धरला तर उत्तर येते ७.७ ग्रॅम. चौपटीहून अधिक. एवढ्याने मासे लगेच मरणार नाहीत. पण हीच मात्रा दर आठवड्याला पडत राहिली आणि पाणी बदलायला पाणीच नसले, तर पेटीची लहानशी उजनी होते.

‘एकोणीस-एकोणीस-एकोणीस’ची गोष्ट अधिक गंभीर. तेही त्याच दुकानात, त्याच फळीवर, स्वस्त आणि सहज विरघळणारे. पण त्यातील नत्राचा मोठा भाग युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. डाळिंबाला ते चालते. माशांना अमोनिया विष आहे, आणि पाणी जितके अल्कधर्मी तितके ते अधिक तीव्र. म्हणजे मऊ पाण्याच्या प्रदेशात एखाद्याने निभावून नेलेला प्रयोग सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात एका रात्रीत सारे मासे वर तरंगवू शकतो.

म्हणून यंत्राला विचारायचेच, तर प्रश्नात या गोष्टी हव्यात : पाणी कुठले, त्याचा सामू आणि जडपणा किती, नायट्रेट-फॉस्फेट आधी किती, आठवड्याला किती लिटर पाणी खरोखर बदलता येते, आणि पिशवीवरील आकडे नत्र-स्फुरद-पालाशचे आहेत ही स्पष्ट सूचना. आलेल्या उत्तरातील गुणाकार कागदावर एकदा करून पाहावा. बदललेले पाणी मोरीत न ओतता कुंडीतील कढीपत्त्याला घालावे; त्यात विरघळलेले नायट्रेट त्यालाही चालते.