दऱ्यांचा दर्या होऊ नये म्हणून

वडील गेल्यावर त्यांच्या चार वह्या माझ्याकडे आल्या. मालवण, देवबाग, तळाशीलच्या रापणकरांकडून त्यांनी टिपलेले शब्द त्यांत होते: वारे, भरती-ओहोटी, जाळी, मासे. अर्ध्या नोंदी मी जुन्या संगणकावर टंकल्या, अर्ध्या भाच्याने मोबाइलवर. यादी एकत्र करून त्याने ‘वाऱ्या’ शोधलं, तर फक्त त्याच्याच नोंदी आल्या. माझा ‘खाऱ्या वाऱ्याला’, ‘मतलई वाऱ्यावर’ यांतलं काहीच नाही. “मामानू, वारे खंय गेले?” त्याने विचारलं.

वारे यादीतच होते. मी टंकलेला ‘वार्‍या’ आणि त्याचा ‘वाऱ्या’ डोळ्यांना एकच दिसत होते. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होते. या प्रश्नाचा माग काढता काढता मी बरोबरीच्या चिन्हाच्या इतिहासापर्यंत पोहोचलो.

आज आपण वापरतो ते = हे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श गणितज्ञाने १५५७ साली छापलं. दोन समांतर रेघांइतक्या सारख्या दुसऱ्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत, हे त्याचं कारण. पुढे जॉर्ज बूलने हे चिन्ह तर्कशास्त्रात आणलं. त्याचं पहिलं तर्कग्रंथलेखन १८४७चं. त्याच वर्षी ऑगस्टस डी मॉर्गनचाही तर्कशास्त्रावरचा ग्रंथ आला; या डी मॉर्गनचा जन्म १८०६ साली मदुराईचा. आपल्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर या दोघांचे समकालीन. ‘दर्पण’कार म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये ते गणितही शिकवत. १८४६ साली ते गेले. बूलचं पुस्तक त्यांच्या हाती पडायला एक वर्ष कमी पडलं, ही चुटपुट मला नेहमी लागते.

बूलच्या बीजगणितात एखादी गोष्ट स्वतःशीच गुणली तर तीच राहते. हा नियम पाळणारे अंक दोनच, शून्य आणि एक. १९३७ साली क्लॉड शॅननने आपल्या प्रबंधात दाखवलं की विजेच्या खटक्यांची मंडलं याच गणिताने मांडता येतात. तेव्हापासून यंत्राला विचारलेल्या ‘हे आणि ते एकच का?’ या प्रश्नाला दोनच उत्तरं उरली: होय किंवा नाही. पण ‘एकच’ म्हणजे काय, हे आधी माणसाला ठरवावं लागतं.

इथे गोंधळ झाला. सी भाषेत एक रेघजोडी ‘किंमत ठेव’ या आज्ञेला दिली गेली, म्हणून तुलनेसाठी == आलं. १९९५ साली ब्रेंडन आइकने दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा उभा केला. तिचं == फार उदार. वेबपानावरच्या चौकटीत लिहिलेलं सगळं मजकूर म्हणून येतं, म्हणून ते अक्षरी ‘०’ आणि अंक ० एकच मानतं; रिकामा मजकूरही शून्याइतकाच मानतं. मात्र रिकामा मजकूर आणि अक्षरी ‘०’ यांना वेगळं ठरवतं! एकाच गोष्टीशी समान असलेल्या गोष्टी परस्परांशी समान असतात, हे युक्लिडचं पहिलं गृहीतक तिथेच मोडलं. १९९९च्या प्रमाणित आवृत्तीत म्हणून === हे कडक चिन्ह आलं: आधी जात तपास, मगच किंमत.

मग माझ्या वाऱ्यांचं काय? दोन्हीकडे मजकूरच असल्यामुळे == आणि === दोघांचंही उत्तर एकच, नाही. रिकाम्या जागेला शून्य मानणारं उदार चिन्हसुद्धा दोन ‘वाऱ्यां’ना ओळखत नाही. ती उदारता ज्यांनी घडवली, त्यांच्यापुढे आपली लिपी नव्हती.

आपला चंद्रकोरीसारखा र संगणकात दोन मार्गांनी लिहिला जातो. १९९१च्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने त्याला ‘ऱ’ हे अक्षर वापरलं. १९९६च्या युनिकोड २.०मध्ये साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशी रीत होती. पुढे दोन्ही ग्राह्य राहिल्या. युनिकोडचं स्वतःचं समानीकरण त्यांना एक करत नाही.

भाचा म्हणाला, “तो न दिसणारा जोडक पुसून टाकूया.” आम्ही नमुन्यासाठी काही ओळींवर करून पाहिलं. वडिलांनी घाटाबद्दल लिहिलेल्या ‘दऱ्या’ क्षणात ‘दर्या’ झाल्या! डोंगरातली खोल जागा समुद्र झाली. ‘आचाऱ्यांना’ जेवण सांगितलं, ते ‘आचार्यांना’ पोहोचलं. कडक तुलना एका शब्दाचे दोन करते, आणि ढिली सफाई दोन शब्दांचा एक.

अखेर आम्ही नियम लिहिला: जोडक पुसायचा नाही, तर ‘र, हलन्त, जोडक’ दिसला की त्याजागी ‘ऱ, हलन्त’ ठेवायचं, मूळ प्रत तशीच जपायची, तुलना त्यानंतर, आणि ती कडक. वारे परत आले. पण मराठीच्या किती याद्यांत, किती जुन्या लेखांत असे शब्द असूनही ‘नाहीत’ असतील? समान काय आणि वेगळं काय, हे त्या भाषेत जगणाऱ्यानेच यंत्राला सांगायला हवं.