‘अकुशल’ : एका शब्दाचा इतिहास आणि दिंडोरीचा मजूर

संस्कृत अलंकारशास्त्रात ‘कुशल’ हा शब्द रूढ लक्षणेचे उदाहरण म्हणून चर्चिला गेला आहे. दर्भ नीट खुडून आणणारा तो कुशल, ही त्याची पारंपरिक व्युत्पत्ती होय. गवत तोडणाऱ्या हाताचा मान ज्या शब्दात साठविलेला आहे, तोच शब्द नकार जोडून महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेत त्याच हाताला लावला गेला.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली तासगाव तालुक्यात या योजनेचा प्रथम प्रयोग झाला. १९७२-७३ च्या दुष्काळात खडी फोडण्यासारख्या सरकारी कामांवर लक्षावधी माणसे राबली. १९७५ चा व्यवसाय कर शहरातील पगारदारांकडून या योजनेसाठी पैसा उभारू लागला. १९७७ साली संमत झालेला कायदा २६ जानेवारी १९७९ रोजी अमलात आला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत ते न मिळाल्यास भत्ता, असा कायदेशीर हक्क भारतात तोवर अन्यत्र नव्हता. परंतु तो हक्क ‘अकुशल’ अंगमेहनतीपुरताच होता. फारसीत ‘रोजगार’ म्हणजे काळ, आयुष्याचे दिवस; मराठीत त्याची उपजीविका झाली; हजेरीपटावर मात्र तो पुन्हा एकेका दिवसावर आला!

या शब्दाची उणीव दिंडोरी तालुक्यात विशेष जाणवते. पश्चिमेस पेठच्या बाजूचा डोंगराळ आदिवासी पट्टा, पूर्वेस कादवाकाठच्या द्राक्षबागा. पेठ-सुरगाण्याकडील कुटुंबे छाटणीच्या हंगामात या बागांत उतरतात. काडी कोणत्या डोळ्यावर छाटावी, विरळणीत घडातील कोणते मणी काढावेत, हे ज्ञान पुस्तकी नव्हे आणि क्षुल्लकही नव्हे. चुकलेल्या कात्रीने मालकाचे वर्ष वाया जाते. तथापि हे काम करणारा दहा हंगामांनंतरही केवळ ‘मजूर’च म्हणविला जातो. त्याच्या हातच्या विद्येला ना नाव, ना बढती.

१९९० साली फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली, ही प्रस्तुत लेखकाच्या मते तिच्या इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक केलेली सुधारणा होय. स्वतःच्या शेतात खड्डे खणावेत, त्याची मजुरी मिळावी, आणि त्याच खड्ड्यांत आंब्याची कलमे लागावीत! मजुरी संपली तरी झाडे उरतात. मात्र त्यासाठी सातबाऱ्यावर नाव असावे लागते, आणि भूमिहीनाच्या वाट्याला पुन्हा रस्ते व पाझर तलावच येतात. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही हमी दिली ती ‘अकुशल’ कामाचीच.