तांब्याच्या खाणीवर पोसलेले साम्राज्य

जानेवारी 1613 मध्ये क्नेरेड या सरहद्दीवरच्या गावात स्वीडन आणि डेन्मार्क यांचा तह झाला. स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ तेव्हा अठरा वर्षांचा होता. वडिलांनी मागे ठेवलेले युद्ध त्याला निस्तरायचे होते आणि ते स्वीडन हरला होता. डॅनिश फौजेने एल्व्सबोर्गचा किल्ला जिंकून घेतला होता. तो परत हवा असेल तर सहा वर्षांत दहा लाख चांदीचे रिक्सडालर मोजा, नाहीतर किल्ल्यावर आणि भोवतालच्या मुलखावर कायमचे पाणी सोडा, अशी डेन्मार्कच्या चौथ्या ख्रिस्तियानची अट होती.

हा किल्ला म्हणजे स्वीडनची पश्चिमेकडची एकुलती एक खिडकी होती. बाल्टिक समुद्रातून बाहेर पडणाऱ्या सामुद्रधुनीचे दोन्ही काठ तेव्हा डेन्मार्कचे होते. तिथून जाणाऱ्या जहाजांकडून डॅनिश राजा जकात घेई आणि मनात आले तर वाट अडवू शके. उत्तर समुद्रावर थेट उघडणारा किनाऱ्याचा एक चिंचोळा तुकडा तेवढा स्वीडनकडे होता आणि त्याच्या राखणीला एल्व्सबोर्ग होता. तो गेला असता तर स्वीडन कोंडला गेला असता.

पण दहा लाख रिक्सडालर आणायचे कुठून? फिनलंड धरूनही राज्याची लोकसंख्या बारा-तेरा लाखांच्या घरात होती. बहुतेक लोक शेतकरी, थंडी दीर्घ आणि पीक बेभरवशाचे. माणशी कर बसवला गेला, त्यातून शेतमजूर आणि घरगडीही सुटले नाहीत. राजवाड्यातली चांदीची भांडी वितळवली गेली. तरीही रक्कम पुरी होईना, तेव्हा डच सावकारांकडे हात पसरावे लागले. या गरीब राज्यापाशी तारण म्हणून दाखवण्याजोगी वस्तू एकच होती, ती म्हणजे तांबे. 1619 च्या आरंभी शेवटचा हप्ता चुकता झाला आणि एल्व्सबोर्ग सुटला. दोनच वर्षांनी, 1621 मध्ये, त्याच्या जवळ गोथेनबर्ग शहराला सनद मिळाली. शहराची आखणी डच लोकांनी केली आणि पहिल्या नगरसभेतही त्यांचाच भरणा होता. ज्यांच्याकडून कर्ज काढले, त्यांनाच व्यापारासाठी घरात बोलावले गेले. माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांच्या स्वीडिश राजकारणाचे सूत्र याच व्यवहारात ठरले.

हे तांबे यायचे डालार्ना प्रांतातल्या फालुन इथल्या खाणीतून. ही खाण फार जुनी. 1288 मधला एक दस्तऐवज उपलब्ध आहे. त्यात वेस्टरोसच्या पीटर नावाच्या बिशपने खाणीतला आठवा हिस्सा परत आपल्याकडे घेतल्याची नोंद आहे. जगातल्या जुन्यात जुन्या भागपत्रांमध्ये त्याची गणना होते. 1347 मध्ये राजाने खाणकऱ्यांना सनद दिली. खाण एका मालकाची नव्हती. भागधारक खाणकरी आपापल्या हिश्श्याप्रमाणे धातुक पाषाण उचलत आणि आपापल्या भट्टीत तो गाळत.

खाणीतले काम कसे चाले हे पाहिल्याशिवाय त्या तांब्याची खरी किंमत कळत नाही. सुरुंगाची दारू वापरात येण्यापूर्वी खडक फोडायचे साधन होते आग. संध्याकाळी खडकाच्या भिंतीला टेकून सरपणाचा ढीग रचायचा आणि रात्रभर पेटता ठेवायचा. सकाळी धूर ओसरला की तापून तडकलेल्या दगडावर घण आणि पहारी घेऊन माणसे तुटून पडत. एका रात्रीच्या आगीने खडक जेमतेम काही बोटे सुटे. तो दगड वर ओढायला बैलांच्या कातड्याचे जाडजूड दोर लागत. एकेका दोरासाठी इतकी जनावरे मारावी लागत की उरलेल्या मांसाचे करायचे काय हा प्रश्न पडे. फालुनच्या नावाने आजही स्वीडनभर विकला जाणारा सॉसेज त्यातूनच आला असे सांगतात. वर आणलेला दगड उघड्यावर रचून आठवडेच्या आठवडे भाजत. त्यातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने गावाभोवतीची झाडेझुडपे जळून गेली होती. 1734 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस तिथे गेला, तेव्हा त्याला ती जागा नरकासारखी वाटली.

सतराव्या शतकाच्या मध्यावर या एका खाणीतून वर्षाला सुमारे 3,000 टन तांबे निघत होते. युरोपातल्या तांब्याचा सिंहाचा वाटा तिथूनच येई. तोफा, चर्चच्या घंटा, छपरांचे पत्रे, भांडी, नाणी, सगळ्यालाच तांबे लागे. स्पेनने हलक्या किमतीची नाणी निव्वळ तांब्याची पाडायला सुरुवात केली तशी मागणी आणखी वाढली. ॲमस्टरडॅम ही या धातूची बाजारपेठ होती, आणि तिथे स्वीडनला स्पर्धक होता तो थेट जपान. डच ईस्ट इंडिया कंपनी नागासाकीहून जपानी तांबे उचले, सुरत, कोरोमंडल आणि बंगालमध्ये विके आणि भाव बरा दिसला तर थोडे हॉलंडलाही नेई. त्यामुळे जपानी तांब्याची जहाजे कुठे वळतात याची झळ फालुनपर्यंत पोचू शकत होती.

या बाजारातला बडा माणूस म्हणजे लुई द गेअर. जन्म लिएजचा, पेढी ॲमस्टरडॅमची आणि भाग्य उजळले स्वीडनमध्ये. त्याने राजाला कर्ज दिले, बदल्यात तांब्याच्या आणि लोखंडाच्या व्यवहारात हक्क मिळवले, फिनस्पोंगला तोफा ओतल्या आणि आपल्या मायदेशातून वालून कारागीर आणून स्वीडनची लोखंडाची भट्टी सुधारली. 1644 मध्ये डेन्मार्कशी पुन्हा युद्ध चालू होते तेव्हा या व्यापाऱ्याने हॉलंडमध्ये एक आरमारच भाड्याने उभे करून स्वीडनच्या मदतीला धाडले.

1630 मध्ये गुस्ताव अडॉल्फ जर्मनीत उतरला आणि तीस वर्षांच्या युद्धात शिरला, तेव्हा त्याच्या मागे ही अशी पत उभी होती. युद्ध एकट्या तांब्यावर चालले नाही. जानेवारी 1631 मध्ये बेरवाल्डच्या तहाने फ्रान्सने वर्षाला चार लाख रिक्सडालर देण्याचे कबूल केले. एका कॅथलिक कार्डिनलचे, रिशल्यूचे, सरकार प्रॉटेस्टंट राजाला कॅथलिक सम्राटाविरुद्ध पैसा पुरवत होते. जिंकलेल्या जर्मन मुलखाकडून खंडणी घेऊन फौज तिथल्या तिथे पोसली जाई. नोव्हेंबर 1632 मध्ये लुत्झेनच्या रणांगणावर राजा पडला. मुलगी ख्रिस्तिना अजून सहा वर्षांचीही नव्हती. चान्सलर अॅक्सेल ओक्सेनशेर्नाने सूत्रे हाती घेतली आणि युद्ध रेटत नेले. 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात स्वीडनला पश्चिम पोमेरानिया, विस्मार, ब्रेमेन-फेर्डेन आणि सैन्याची देणी भागवायला पन्नास लाख रिक्सडालर मिळाले. पस्तीस वर्षांपूर्वी दहा लाखांसाठी दारोदार फिरलेल्या राज्याची ही मजल आहे. त्याचे श्रेय देताना इतिहास सेनापतींपाशी थांबतो, ते मला अपुरे वाटते. रात्रभर सरपण जाळणारे फालुनचे खाणकरीही त्या श्रेयाचे वाटेकरी आहेत.

परदेशात तांब्याचा भाव पडू नये म्हणून गुस्ताव अडॉल्फने 1624 मध्ये एक युक्ती केली होती: देशातच तांब्याची नाणी पाडायची. म्हणजे तितके तांबे बाजारात जाणार नाही आणि भाव टिकून राहील. या नाण्यात धातू जितक्या किमतीचा तितकीच नाण्याची किंमत असावी, असे तत्त्व होते. तांबे चांदीच्या मानाने कितीतरी स्वस्त. त्यामुळे मोठी रक्कम तांब्यात द्यायची तर नाणेही अवाढव्य हवे. 1644 मध्ये आवेस्ताच्या टांकसाळीने पहिली पत्र्याची नाणी काढली. दहा डालरचे नाणे जेवणाच्या पाटापेक्षाही लांब होते, साधारण 70 सेंटिमीटर लांब आणि 30 रुंद, आणि वजन 19.7 किलो. चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक अशी पाच ठिकाणी मोहोर. एरवी पत्रा नुसता तांबूस आणि कोरा. चलनात आलेल्या नाण्यांमध्ये हे सर्वांत जड मानले जाते. ते पुढे पाडले नाही, पण आठ, चार, दोन आणि एक डालरचे पत्रे चालत राहिले. सारा भरायचा किंवा घर विकत घ्यायचे, तर पैसे गाडीत घालून न्यावे लागत.

अशा पैशाच्या देशात युरोपातली पहिली बँकनोट जन्मावी यात नवल नाही. रिगात जन्मलेल्या योहान पाल्मस्ट्रुकला 1656 मध्ये बँक काढायची परवानगी मिळाली. लोक पत्रे ठेवीत, बँक ती रक्कम कर्जाऊ देई. 1660 मध्ये सरकारने नव्या पत्र्यांचे वजन घटवले. जुन्या जड पत्र्यांत आता दर्शनी किमतीपेक्षा जास्त तांबे होते. ते परत घ्यायला ठेवीदारांची रांग लागली आणि बँकेपाशी तेवढे पत्रे नव्हते, ते कर्जात गुंतले होते. 1661 मध्ये पाल्मस्ट्रुकने कागद काढले. हातकागद, अनेक अधिकाऱ्यांच्या सह्या, लाखेचे शिक्के आणि ठरावीक रकमा. हुंडीवर सहसा घेणाऱ्याचे नाव असते; इथे ज्याच्या हाती कागद त्याचे पैसे. गाडीभर धातूऐवजी खिशात मावणारा कागद लोकांना आवडला, आणि म्हणूनच बँकेने तो गरजेपेक्षा फार जास्त छापला. दोन-तीन वर्षांतच लोक कागद देऊन धातू मागू लागले आणि बँक बुडाली. 1668 मध्ये पाल्मस्ट्रुकला मृत्युदंड सुनावला गेला. तो माफ होऊन तुरुंगवासावर निभावले. 1671 मध्ये तो वारला.

त्याच 1668 साली बुडालेल्या बँकेचा कारभार संसदेने आपल्याकडे घेऊन नवी बँक उभी केली आणि ती राजाच्या हातात न देता संसदेखाली ठेवली. संसदेतला शेतकऱ्यांचा वर्ग सुरुवातीला बँकेच्या कारभाराबाहेरच राहिला. आज रिक्सबँक म्हणून ओळखली जाणारी ही बँक जगातली सर्वांत जुनी मध्यवर्ती बँक आहे. अर्थशास्त्राचे नोबेल स्मृतिपारितोषिक तिने आपल्या तीनशेव्या वर्षी, 1968 मध्ये, सुरू केले. मुंबईत जन्मलेल्या, मराठी आईच्या अभिजित बॅनर्जींना 2019 मध्ये मिळाले ते हेच.

खाण मात्र थकत चालली होती. शेकडो वर्षे ज्याने त्याने हवे तसे खोदल्याने आतला डोंगर पोखरला गेला होता. 25 जून 1687 रोजी खाणीच्या मोठ्या खड्ड्यांमधली भिंत ढासळली आणि सुमारे 95 मीटर खोल दरी उघडी पडली. ग्रीष्मोत्सवाची सुट्टी असल्याने आत कोणी नव्हते, म्हणून एकही माणूस दगावला नाही.

प्रत्येकाला असे नशीब लाभले नाही. 1719 मध्ये जुन्या बोगद्यातल्या पाण्यात एका तरुणाचे प्रेत सापडले. ताम्रक्षारांच्या पाण्याने ते इतके टिकले होते की माणूस नुकताच गेला असावा असे वाटे. ओळख कोणालाच पटेना. शेवटी मार्गारेटा ओल्सडॉटर नावाची एक म्हातारी पुढे आली. हा माट्स इस्राएल्सन, 1677 मध्ये खाणीत उतरून न परतलेला तिचा वाग्दत्त वर. ती वृद्ध झाली होती आणि तो जसाच्या तसा होता. मग त्या बिचाऱ्याचे प्रेत कित्येक वर्षे लोकांना बघायला ठेवले गेले. कायमचे दफन 1930 मध्ये झाले.

साम्राज्यही त्याच सुमारास संपले. स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स याच्या अखेरच्या युद्धांसाठी 1715 पासून काही ग्रॅम तांब्याची नाणी काढून त्यांवर एक डालरची मोहोर उठवली गेली. खरा एक डालरचा पत्रा पाऊण किलोच्या घरातला होता. दौलताबादला राजधानी नेणाऱ्या मुहम्मद तुघलकानेही तांब्याला चांदीचे मोल द्यायचा हुकूम काढला होता. दोन्हीकडे लोकांचा अशा नाण्यांवर विश्वास टिकला नाही. 1718 मध्ये राजा गोळी लागून मेला, पुढच्या वर्षी या नाण्यांमागचा मंत्री गोर्ट्झ याचे डोके उडवले गेले आणि 1721 च्या न्यूस्टाडच्या तहात बाल्टिकचा पूर्व किनारा रशियाकडे गेला.

1776 च्या नाणेसुधारणेने तांब्याचे पत्रे चलनातून गेले. आता ते निव्वळ धातू होते, आणि धातूला भारतात गिऱ्हाईक होते. 1783 मध्ये ‘निकोबार’ नावाचे डॅनिश जहाज हे पत्रे भरून भारताकडे निघाले आणि जुलैत दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ फुटले. 1987 मध्ये त्याचा माग लागला, तेव्हा तळाशी आवेस्ताच्या मोहोरा असलेले तीन हजारांच्या आसपास पत्रे निघाले. जगभरच्या नाणेसंग्राहकांकडे आज दिसणाऱ्या पत्र्यांपैकी बरेचसे याच जहाजातले आहेत.