पानांतून पोषण : प्रस्तावना

उसाच्या खोडव्यात केवडा, म्हणजे पानांचा पिवळेपणा, दिसला की कृषी सेवा केंद्रातून मायक्रोन्यूट्रियंटची बाटली आणायची आणि पंप पाठीला लावायचा, हा आपल्याकडचा रिवाज. बाटलीला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण त्याआधी पोंग्याजवळचं आणि बुडाकडचं पान शेजारीशेजारी धरून पाहणारे थोडे. या विषयात नव्यानं येणाऱ्यानं सुरुवात तिथूनच करावी. पिवळेपणा खालच्या पानांवरून वर चढत असेल तर बहुधा नत्र कमी पडलंय, कारण पीक जुन्या पानांतलं नत्र काढून नव्यांना देतं. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची शंका घ्यावी. लोह एकदा पानात बसलं की तिथून सहसा हलत नाही.

म्हणूनच आज फवारलेलं पान हिरवं होतं आणि नंतर फुटलेलं पुन्हा पिवळं निघतं. औषध बनावट होतं असं मग शेतकरी म्हणतो. दर वेळी ते खरं नसतं.

फ्रान्समध्ये युझेब ग्री यांनी १८४०च्या दशकातच पिवळ्या पानांना लोहक्षाराचं द्रावण लावून ती हिरवी करून दाखवली होती. आपल्या चुनखडीच्या जमिनींत लोहाचा दुष्काळ नाही. ते मुळांना घेता येईल अशा रूपात नसतं, एवढंच. अशा वेळी मुळांना वळसा घालून पानांतून जाणं शहाणपणाचं ठरतं.

जस्ताची गोष्ट वेगळी. भाताचा ‘खैरा’ हा रोग समजला जात होता. तो जस्ताच्या कमतरतेचा परिणाम आहे, हे पंतनगरला डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली दाखवलं, आणि नेने होते वनस्पतिरोगतज्ज्ञ! त्यावर अर्धा टक्का झिंक सल्फेट आणि पाव टक्का चुना ही फवारणी रूढ झाली. चुना नसेल तर द्रावणाच्या आम्लतेनं पानं करपतात. आता हिशेब करा : हेक्टरी ५०० लिटर पाण्यात अडीच किलो झिंक सल्फेट, म्हणजे जस्त जेमतेम अर्धा किलो. तेच जमिनीतून द्यायचं तर २५ किलो झिंक सल्फेट लागतं. फवारा स्वस्त वाटतो तो इथं; पण जमिनीत दिलेलं जस्त पुढच्या पिकांनाही पुरतं, पानावरचं पुरत नाही. जस्ताच्या बाबतीत मी तरी माती तपासून जमिनीतूनच द्यायच्या बाजूचा आहे. फवारणी ठेवावी उभ्या पिकाच्या अडचणीसाठी.

पुढील प्रकरणांत बोरॉन, मँगनीज, चिलेटेड खतं असं पुष्कळ आहे. वाचता वाचता एक करून पाहा : फवारताना मधल्या चार ओळी तशाच सोडा, त्यांना खुणेच्या काठ्या लावा आणि आठवड्याभरानं दोन्हीकडची कोवळी पानं ताडून पाहा.