एकेचाळीस की तेहेतीस?

पॉल सायमन आणि आर्ट गारफंकेल या जोडीचा 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' हा अल्बम ब्रिटनमध्ये किती आठवडे पहिल्या क्रमांकावर होता? जुन्या संदर्भग्रंथांत उत्तर मिळतं ४१. आजची अधिकृत नोंद म्हणते ३३. मधल्या आठ आठवड्यांचा माग काढू लागलं की गाणी बाजूला राहतात आणि समोर येतात दुकानांच्या विक्रीवह्या आणि टपाल कामगारांचा एक संप.

आधी ही क्रमवारी कशी ठरायची ते पाहू. फेब्रुवारी १९६९ पासून ब्रिटिश मार्केट रिसर्च ब्यूरो ही संस्था बीबीसी आणि 'रेकॉर्ड रीटेलर' या व्यापारी साप्ताहिकासाठी हे काम करत होती. देशभरातली सुमारे २५० दुकानं निवडलेली होती. कोणती तबकडी किती खपली, याची नोंद दुकानदार वहीत ठेवत. शनिवारी दुकान बंद झालं की आठवड्याचा हिशेब टपालाने ब्यूरोकडे रवाना होई. तिथे तो छिद्रांच्या कार्डांवर चढवून संगणकाला दिला जाई आणि मंगळवारी क्रमवारी तयार असे. म्हणजे संगणक आला होता, पण सगळी भिस्त पोस्टमनवरच होती.

२० जानेवारी १९७१ रोजी ब्रिटनच्या टपाल कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला. तो ४७ दिवस चालला. वह्या दुकानांतच अडकल्या. फोनवरून आकडे गोळा करण्याचा प्रयत्न झाला, पण देशव्यापी क्रमवारीला तो पुरेसा नव्हता. अल्बमांची यादी निघायची थांबली. शेवटच्या यादीत सायमन-गारफंकेल सर्वांत वर होते. हा अल्बम फेब्रुवारी १९७० मध्ये तिथे पहिल्यांदा शिखरावर पोचला होता आणि जवळजवळ वर्षभरानंतर पुन्हा तिथेच होता. पुढे संदर्भग्रंथ रचणाऱ्यांनी रिकाम्या आठवड्यांत हीच शेवटची यादी पुन्हा पुन्हा धरली. खाडा पडलेल्या दिवशी हजेरीपटात आदल्या दिवशीची खूण उतरवावी, तसं झालं. यात कुणाची लबाडी नव्हती. पण पुरावा नसलेली जागा भरली गेली आणि पुढे तीच पुरावा मानली गेली. इतिहास लिहिणाऱ्याने सर्वांत जास्त जपायचं ते इथेच, असं मला वाटतं.

सुदैवाने दुसरा कागद शिल्लक होता. 'मेलडी मेकर' हे संगीत साप्ताहिक स्वतःची वेगळी यादी छापत असे. त्यात ६ फेब्रुवारी ते २७ मार्च १९७१ असे आठही आठवडे पहिल्या क्रमांकावर होता जॉर्ज हॅरिसनचा 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. पंडित रविशंकरांकडे सतार शिकलेला हा बीटल. याच अल्बममधल्या 'माय स्वीट लॉर्ड' या गाण्यात हरे कृष्णाचा नामघोष आहे. अधिकृत नोंदीत ही दुरुस्ती व्हायला २००६ साल उजाडलं. हॅरिसन नोव्हेंबर २००१ मध्येच वारला होता. ४१ मधून ८ वजा झाले आणि ३३ उरले. आणखी एक धागा इथे जुळतो. 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर' हे शीर्षकगीत सायमनने १९६९ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसच्या ब्लू जे वे या रस्त्यावरच्या भाड्याच्या घरात लिहिलं. हॅरिसनने दोन वर्षांपूर्वी त्याच घरात त्या रस्त्याच्याच नावाचं गाणं लिहिलं होतं.

या वजाबाकीने यशाला धक्का लागत नाही. १९७० आणि १९७१ अशी सलग दोन वर्षं ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला अल्बम हाच होता. अमेरिकेत २६ जानेवारी १९७० रोजी कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने तो बाजारात आणला, आणि बिलबोर्डच्या यादीत तो दहा आठवडे पहिला राहिला. मार्च १९७१ मध्ये त्याला आणि त्याच्या शीर्षकगीताला मिळून सहा ग्रॅमी मिळाले. अमेरिकेतली 'प्लॅटिनम' मानांकनं मात्र जपून वाचावीत. ही पायरीच १९७६ मध्ये सुरू झाली; १९७० मध्ये 'गोल्ड' होतं, तेही प्रती मोजून नव्हे तर दहा लाख डॉलरच्या घाऊक विक्रीवर. शिवाय तेव्हा तिथे मोजल्या जात त्या दुकानांकडे पाठवलेल्या प्रती. जगभर अडीच कोटी प्रती खपल्या असं सांगितलं जातं. तो आकडा अशा वेगवेगळ्या मापांच्या बेरजेतून येतो. ३३ आठवड्यांवर मी जितका विसंबेन, तितका त्याच्यावर विसंबणार नाही.

हे यश हाती आलं तेव्हा जोडी तुटत होती. गारफंकेल 'कॅच-२२' या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी मेक्सिकोत अडकला होता. सायमनची त्यातली भूमिका कापली गेली होती. बाराव्या गाण्यावरून दोघांचं जमेना, म्हणून अल्बम अकरा गाण्यांवरच थांबला. दोघांनी मिळून केलेला हा शेवटचा स्टुडिओ अल्बम.

त्या अकरांतल्या 'एल कोंडोर पासा'चा कागद वेगळाच आहे. सायमनने ही धून १९६५ मध्ये पॅरिसमध्ये लोस इंकास या वाद्यवृंदाकडून ऐकली. ती पेरूमधली परंपरागत लोकधून आहे असं त्याने धरून चाललं आणि त्यांच्याच ध्वनिमुद्रणावर स्वतःचे इंग्रजी शब्द बसवले. प्रत्यक्षात ती पेरूचे संगीतकार दानिएल आलोमिया रोब्लेस यांनी १९१३ मध्ये एका संगीतिकेसाठी रचली होती आणि १९३३ मध्ये अमेरिकेत तिची स्वामित्वनोंदही झाली होती. १९७० मध्ये त्यांचे चित्रपट-दिग्दर्शक पुत्र आर्मांदो रोब्लेस गोदोय यांनी दावा लावला. कटुता न येता तो मिटला. सदतीस वर्षं ती नोंद सायमनच्याच देशात पडून होती. दानिएल रोब्लेस १९४२ मध्येच निवर्तले होते. त्यांचं नाव गाण्याच्या श्रेयात आलं ते या दाव्यानंतर.