स्मृतींतील व्यभिचारप्रायश्चित्त आणि पेशवाईंतील गुन्हेगारी

प्रस्तुत लेखाचा विषय कित्येकांस अप्रशस्त वाटेल. जुनीं दप्तरें चाळतांना ‘बदअंमल’ किंवा ‘शिंदळकी’ हा शब्द दृष्टीस पडला कीं तो कागद बाजूस सारावयाचा, ही आपणा संग्राहकांची जुनी खोड आहे. आणि घराण्याच्या अब्रूस्तव असे कागद चुलींत गेल्याचेंही ऐकिवांत आहे. परंतु पाप कशास म्हणावें, तें कशानें फिटतें, व फेडण्याचा अधिकार कोणाचा, या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें आपल्या समाजानें प्रत्यक्षांत काय दिलीं तें याच कागदांवरून कळतें. पोथ्यांवरून कळतें तें निराळें. या दोहोंतील अंतर किती, हें पाहण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

प्रथम पोथ्यांकडे पाहूं. मनु व याज्ञवल्क्य यांनीं पातकांच्या पायऱ्या लावल्या आहेत. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णस्तेय, गुरुतल्पगमन व यांपैकीं कोणाचा संसर्ग, हीं महापातकें. गुरुतल्पगमनास मरणान्त प्रायश्चित्तही सांगितलें आहे. विष्णुस्मृतींत माता, कन्या व स्नुषा यांच्याशीं गमन हें महापातकाच्याही वर अतिपातक म्हणून गणिलें आहे. सामान्य परदारगमन मात्र उपपातकांत पडतें, व त्यास चांद्रायणादि व्रतांनीं शुद्धि सांगितली आहे. चांद्रायण म्हणजे चंद्रकलेप्रमाणें घांस वाढवीत पौर्णिमेस पंधरावर न्यावयाचे, पुढें उतरवीत अमावास्येस निराहार राहावयाचें. प्राजापत्य कृच्छ्र बारा दिवसांचें: तीन दिवस सकाळींच भोजन, तीन दिवस सायंकाळींच, तीन दिवस न मागतां मिळेल तें, शेवटचे तीन दिवस उपोषण.

मनूची उपपातकांची यादी एकदां सावकाश वाचून पाहावी. परदारगमनाच्या पंक्तीस ऋण न फेडणें आहे, जळणासाठीं ओलीं झाडें तोडणें आहे, आणि वेतन घेऊन अध्यापन करणेंही आहे! सारी हयात पगारी शिक्षकीत घालविलेल्या या लेखकाचा निकाल त्या यादीनें केव्हांच लावून ठेवला आहे. विनोद सोडला तरी यांतून एक गोष्ट निघते. स्मृतिकारांच्या दृष्टीनें कामजन्य पाप हें पापांची निराळी जात नव्हतें. तें अनेकांतील एक होतें, आणि इतरांप्रमाणेंच फिटणारें होतें.

याचा अर्थ स्मृति सौम्य होत्या असा नव्हे. पतीस लाथाडणाऱ्या स्त्रीला राजानें कुत्र्यांकडून फाडवावें, हें मनूच्या आठव्या अध्यायांत आहे. आणि पुरुष हीन वर्णाचा व स्त्री उच्च वर्णाची असतां दंड वधापर्यंत जातो. वर्णभेदानें पाप जड किंवा हलकें होतें हा स्मृतींचा सर्वत्र दोष आहे, व तो झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु तोच मनु अकराव्या अध्यायांत म्हणतो कीं, बिघडलेल्या स्त्रीला पतीनें एका घरांत कोंडावें व परदारगमनास पुरुषाला जें व्रत तेंच तिजकडून करवावें. याज्ञवल्क्य व्यभिचारिणीचे अधिकार काढून घेऊन, मलिन वस्त्रांत, पोटापुरतें अन्न देऊन, जमिनीवर निजवून तिला घरांतच ठेवावयास सांगतो. पुढें तोच ऋतूनें शुद्धि सांगतो, व गर्भ राहिल्यास त्याग.

येथें विज्ञानेश्वराची लेखणी पाहण्यासारखी आहे. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या (इ. स. १०७६–११२६) पदरीं राहून मिताक्षरा लिहिणाऱ्या या पंडितानें दोन्ही बाजूंस कातर लावली. ऋतूनें शुद्धि होते ती केवळ मनांतल्या, उघडकीस न आलेल्या व्यभिचाराची, असें म्हणून त्यानें मुभा आंखूड केली. उलट ‘त्याग’ म्हणजे उपभोगांतून व धर्मकृत्यांतून त्याग, घराबाहेर हांकलणें नव्हे, असें सांगून मनूचें ‘एका घरांत कोंडावें’ हेंच वचन त्यानें स्त्रीच्या आसऱ्यासाठीं पुढें केलें. कोंडण्याची आज्ञा हीच न हांकलण्याची आज्ञा ठरली. टीकाकार मूळ वचनास शब्दानेंही धक्का न लावतां त्याचें काम कसें बदलतो, याचा याहून चांगला मासला मला ठाऊक नाहीं.

बलात्काराविषयीं वसिष्ठाचें मत स्पष्ट आहे: चोरांच्या हातीं सांपडलेली किंवा बळानें भोगलेली स्त्री टाकूं नये. आनंदाश्रमानें १९०५ सालीं छापलेल्या स्मृतिसमुच्चयांतील देवलस्मृति याहून पुढें जाते. म्लेंच्छांनीं नेलेल्या स्त्रीला गर्भ राहिला तरी तो शरीरांतील शल्याप्रमाणें समजावा. प्रसूतीनंतर ऋतु येतांच ती सोन्यासारखी शुद्ध होते.

महाभारताच्या आदिपर्वांतील श्वेतकेतूची कथा राजवाड्यांनीं विवाहसंस्थेच्या इतिहासांत घेतल्यापासून सर्वश्रुत आहे. परंतु ती सांगणारे अर्धीच सांगतात. श्वेतकेतूनें घातलेली मर्यादा पत्नीपुरती नव्हती. पतिव्रतेस उल्लंघून जाणाऱ्या पुरुषासही त्यानें तेंच भ्रूणहत्येचें पातक सांगितलें आहे.

आतां दप्तराकडे वळूं. व्रत न झेपणारासाठीं प्रत्याम्नाय सांगितला आहे, म्हणजे एका प्राजापत्याबद्दल एक दुभती गाय, गाय नसल्यास तिचें मोल. प्रायश्चित्तमयूखकर्ता नीलकंठभट्ट मूळच्या पैठणच्या घराण्यांतला. प्रायश्चित्तेंदुशेखराचा कर्ता नागोजीभट्ट काळेही महाराष्ट्रीयच. या ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती आपल्याकडे पुष्कळ सांपडतात, आणि गाईचें मोल या एका वाटेनें सारें तप रुपयांत मोजतां येऊं लागलें.

पेशवाईंत ही वाट सरकारी वसुलास येऊन मिळाली. बदअंमलाचा बोभाट झाला कीं कमाविसदार गुन्हेगारी घेई, आणि ती महालाच्या जमेस पडे. शब्द पाहा. ‘गुनाह’ हा फारसींत पापवाचक; मराठींत येऊन तो अपराधवाचक झाला, आणि ‘गुन्हेगारी’ तर दंडाच्या रकमेचेंच नांव होऊन बसलें. पाप, अपराध व वसूल या तिहींचा प्रवास एका शब्दांत दिसतो. गुन्हेगारी देऊन सुटका होत नसे. पुढें ब्राह्मणांकडून प्रायश्चित्त व शुद्धिपत्र, आणि शेवटीं गोतास जेवण घालून पंक्तिपावन होणें. राजदंड भोगणारा निष्पाप होतो असें मनु म्हणतो. पण येथें दंडही घेतला व प्रायश्चित्तही राहिलेंच.

पुरुषाचें प्रकरण बहुधा येथें संपे. स्त्रीचें मात्र नेहमीं संपत नसे. बदअंमलाचा ठपका आलेल्या कित्येक स्त्रियांस कुणबिणी करून सरकारी कोठींत किंवा किल्ल्यावर दळणकांडणास लाविलें जाई. ही शिक्षा मनूची नव्हे, याज्ञवल्क्याची नव्हे, विज्ञानेश्वराची तर नव्हेच. त्याचा सारा खटाटोप तिला घरांत ठेवण्याचा होता. मला हें सांगतांना संकोच होतो, कारण पेशव्यांचें राज्य धर्मशास्त्राचें राज्य होतें असें मीही वर्गांत अनेक वर्षें सांगत आलों. १८२७ सालीं स्टीलचा ज्ञातिरूढींचा संग्रह छापला गेला. त्यानें पुण्याच्या अनेक ज्ञातींस विचारून माहिती घेतली. त्यांत शास्त्र व रूढि शेजारीं शेजारीं मांडलेलीं पाहिलीं म्हणजे हें अंतर स्पष्ट होतें. पुढें १८६० च्या दंडविधानानें व्यभिचाराबद्दल पुरुषासच तेवढें दोषी धरिलें. तें कलम सर्वोच्च न्यायालयानें सप्टेंबर २०१८ मध्यें रद्द केलें.

संग्राहकांस एक विनंति आहे. एकाच प्रकरणाचे तीन कागद असूं शकतात: गुन्हेगारी भरल्याची पावती, शुद्धिपत्र, व गोताच्या जेवणाचा खर्च. पहिला महालाच्या हिशेबांत असावयाचा, दुसरा क्षेत्रोपाध्यायाच्या रुमालांत, तिसरा घरच्या किरकोळ यादींत. छापतांना नांवें गाळावयाचीं असल्यास खुशाल गाळावीं. पण गांव, शक, रक्कम, आणि दंड पुरुषाकडून घेतला कीं स्त्रीकडून, एवढें उतरून घेतल्यावांचून कागद परत बांधूं नये.