एका गीतामागची स्मृती

प्रजासत्ताक दिनाचे ध्वजवंदन आटोपले, की देशातील असंख्य शाळांच्या प्रांगणांत ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत हमखास ऐकू येते. गाणारी मुले दहा-बारा वर्षांची असतात. समोर बसलेल्या पालकांपैकी बहुतेकांचा जन्मही ज्या युद्धावर ते गीत रचले गेले, त्यानंतरचा असतो. तरीही दोन-तीन कडवी होईतो अनेकांचे डोळे पाणावतात. ज्यांनी ते दुःख पाहिले नाही, त्यांनाही हे गीत का रडवते? या प्रश्नाचे उत्तर १९६२-६३ च्या हिवाळ्यात शोधावे लागते.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि त्या वेळी ‘नेफा’ म्हणून ओळखला जाणारा ईशान्य सीमाप्रदेश अशा दोन्ही आघाड्यांवर आक्रमण केले. त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस आली होती. म्हणजे देशभर पणत्या लागल्या, तेव्हा सीमेवर लढाई चालू होती. गीतात दिवाळीचा उल्लेख येतो, तो केवळ अलंकार नव्हे. त्या वर्षीचे ते वास्तव होते. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धविराम केला. अवघ्या महिनाभराच्या या युद्धात अधिकृत नोंदींनुसार १,३८३ भारतीय सैनिक धारातीर्थी पडले, सुमारे १,७०० बेपत्ता झाले आणि जवळजवळ ४,००० युद्धकैदी झाले. यांतील ‘बेपत्ता’ हा शब्द सर्वांत क्रूर होता. ज्या घरी तो तारेने पोहोचला, तेथे धड शोकही करता येईना आणि आशाही सोडवेना.

अशा मनःस्थितीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर चित्रपटसृष्टीतील कलावंतांचा कार्यक्रम झाला. त्यासाठी हे गीत लिहिले कवी प्रदीप यांनी. त्यांचे मूळ नाव रामचंद्र द्विवेदी. जन्म उज्जैनजवळच्या बडनगरचा. संगीत दिले पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकर यांनी, म्हणजेच सी. रामचंद्र यांनी. गायिका होत्या लता मंगेशकर, ज्यांचा जन्म इंदूरचा. हिंदीतील हे अजरामर गीत अशा रीतीने माळव्यातील दोन व्यक्ती आणि गोदावरीकाठचा एक संगीतकार यांच्या हातून घडले. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी कुटुंबांना या योगाचे अप्रूप वाटावे, हे स्वाभाविकच आहे.

त्या सायंकाळी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन आणि पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. गीत ऐकताना नेहरूंच्या डोळ्यांत अश्रू आले, ही आठवण पुढे सर्वतोमुखी झाली. ते अश्रू एका रसिकाचे होते, तसेच ज्याच्या कारकिर्दीत हा पराभव झाला त्या नेत्याचेही होते. गीताचे वेगळेपण येथेच जाणवते. त्यात विजयाचा घोष नाही, सूडाची हाक नाही आणि कोणावर दोषारोपही नाही. निरनिराळ्या प्रांतांतील व समाजांतील सैनिकांची त्यात आठवण काढली आहे. मराठ्यांचाही उल्लेख आहे. श्रोत्यांकडे मागणे एकच आहे, ते स्मरणाचे. पराभूत आणि खिन्न देशाला त्या घटकेला पेलवेल असे तेवढेच मागणे होते.

मात्र हे स्मरण मागितले जात होते, तेव्हा स्मरण कोणाचे करावयाचे हे देशाला पुरते ठाऊकही नव्हते. लडाखमध्ये चुशूलजवळ १६,००० फुटांहून अधिक उंचीवर रेझांग ला ही खिंड आहे. तेथे १८ नोव्हेंबर १९६२ रोजी १३ कुमाऊँ पलटणीची चार्ली कंपनी मेजर शैतान सिंग यांच्या नेतृत्वाखाली लढली. सुमारे १२० जणांच्या या तुकडीतील बहुतेक जवान आजच्या हरियाणातील अहीर शेतकरी कुटुंबांतले होते. त्यांपैकी ११० हून अधिक जण तेथेच पडले. दिल्लीत गीत गायिले गेले, त्या सायंकाळी त्यांचे देह अद्याप बर्फाखालीच होते. फेब्रुवारी १९६३ मध्ये ते सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातांत शस्त्रे तशीच होती. मेजर शैतान सिंग यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले. अनेक युद्धकैदीही जानेवारीत चीनच्याच ताब्यात होते. त्यांची सुटका पुढील काही महिन्यांत होत गेली. सारांश, ज्या अश्रूंची कथा आज इतिहास म्हणून सांगितली जाते, ते अश्रू वाहिले तेव्हा जखम उघडीच होती.

पुढे हे गीत आकाशवाणीवरून आणि ध्वनिमुद्रिकेवरून घरोघरी पोहोचले. त्याच्या रॉयल्टीची रक्कम सैनिकांच्या विधवांसाठी असलेल्या निधीला मिळावी, अशी प्रदीप यांची इच्छा होती. ती रक्कम प्रत्यक्षात मिळण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थकबाकीपोटी दहा लाख रुपये त्या निधीस देण्याचा आदेश दिला, तेव्हा प्रदीप यांच्या निधनाला सहा वर्षे उलटून गेली होती. लाखो लोक ज्या गीताने रडले, त्याचा लाभ त्या गीतातील कुटुंबांपर्यंत पोहोचण्यास चार दशके लागली, ही नोंद विसरण्याजोगी नाही. २९ जानेवारी २०२२ रोजी दिल्लीतील ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभात सैन्यदलांच्या वाद्यवृंदाने हीच धून वाजविली. त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारीला, लतादीदींचे निधन झाले. तोच प्रदीप यांचा जन्मदिवस होता.

गीत भावना जपून ठेवते. तपशील जपण्याचे सामर्थ्य त्याच्या अंगी नसते. सूर कानी पडताच डोळे भरून येतात, परंतु रेझांग ला कोठे आहे, ‘बेपत्ता’ म्हणजे काय, हे सूर सांगत नाहीत. ते काम आजी-आजोबांचे, पालकांचे आणि शिक्षकांचे. स्मृती मुखोद्गत ठेवावी लागते, सांगावी लागते, हे परप्रांतात मातृभाषा जतन करणाऱ्या शाळांइतके क्वचितच कोणी जाणत असेल. पुढच्या २६ जानेवारीला मुले गाण्यास उभी राहतील, तेव्हा गीतापूर्वी चार वाक्ये त्या हिवाळ्याविषयी कोणी सांगितली, तर त्यांच्या स्वरांना अर्थाची जोड मिळेल. गीताने १९६३ मध्ये मागितले होते, तेही एवढेच.